तुम्ही विचारलंत म्हणून: पगार वाढवूनही सिस्टर का टिकत नाहीत?

हॉस्पिटल चालवणारे हा प्रश्न हमखास विचारतात. राजीनाम्यात 'घरगुती अडचण' लिहिलेलं असतं, तेवढ्यावर फाईल बंद होते. पगार कमी आणि खाटा जास्त, हे आहेच. पण त्याच पगारात एक वॉर्ड टिकतो आणि शेजारचा सतत रिकामा होतो, तेव्हा तिथे माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐका.

शिवीगाळ नव्हे, ती निदान तक्रारीत लिहिता येते. केस पेपर टेबलावर आपटणं, राऊंडला पेशंटदेखत 'एवढंही येत नाही?' म्हणणं, विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच न देणं. महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेसाठी आहे. यातलं काही त्यात बसत नाही.

रात्री तीनला पेशंटचं बीपी उतरतंय म्हणून सिस्टर डॉक्टरला फोन करते. पलीकडून येतं, 'एवढ्यासाठी उठवलंत?' पुढच्या वेळी ती अर्धा तास थांबून बघते. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागाच्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला (निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले). सरावाच्या केसमध्ये ज्यांना आधी टोचून बोललं गेलं होतं, त्यांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. कारण माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी झालं. तोंड असं आधी मिटतं, राजीनामा फार नंतर येतो. मधल्या काळात हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं) दोन वाक्यांवर येतो, सिक लीव्ह वाढते, मग कुणीतरी एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट मागते. तोवर उशीर झालेला असतो.

नातेवाइकांचा आरडाओरडा बहुतेकींच्या अंगवळणी पडतो. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरचा टोमणा पडत नाही, कारण तो ड्यूटी लिस्टमध्ये उतरतो: लागोपाठ नाइट, ऐनवेळी रद्द झालेला ऑफ.

'हसतमुख राहा' छापाची पोस्टरं काढून टाका. रात्रीच्या फोनचा साचा ठरवा: खाट क्रमांक, निदान, आत्ताचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास)-बीपी-ऑक्सिजन, काय बदललं, काय हवंय. डॉक्टरने ऑर्डर द्यायची, आणि पुन्हा कधी कळवायचं तेही सांगायचं. ड्यूटी लिस्ट आधी लावा. बदल केला तर कारण आणि सही हवी. चूक दाखवायची ती साइड रूममध्ये. तक्रारीत 'उद्धट वागले' एवढंच नको. तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आणि हजर कोण होतं, हे लिहून घ्या. आणि सोडून जाणारीशी बोलायला तिच्याच मेट्रनला (सिस्टरांच्या प्रमुखाला) बसवू नका.

हे सगळं बहुतेक एकाच जागी अडतं. तक्रार सर्वांत जास्त पेशंट आणणाऱ्या कन्सल्टंटविरुद्ध असते, आणि मॅनेजमेंट सिस्टरचीच वॉर्डबदली करतं. ती बदली बाकीच्या सगळ्या बघत असतात.