पट्ट्यावरची निळी खूण

रविवार, रात्री साडेदहा

आज पूलच्या टेबलावर पांढरा बॉल दुसऱ्याला धडकून मागे आला. एकदा नाही, चारदा.

दोन महिने झाले, लातुरात औसा रोडच्या पूल पार्लरमध्ये, म्हणजे काठीने पांढरा मारून बाकीचे बॉल टेबलाच्या कडेच्या भोकांत, पॉकेटांत, पाडायच्या खेळाच्या अड्ड्यावर, मी नुसता घाम गाळतोय. खाली मारलं की बॉल उलटा फिरत मागे येतो, एवढं ठाऊक होतं. मी खालीच मारतोय याची खात्रीही होती. पांढरा मात्र धडकून जागेवर थांबायचा, नाहीतर निर्लज्जासारखा पुढे जायचा. टेबल सांभाळणारे मामा आज वैतागले.

"आरं, जोर कामून लावायलास? बैल हाकायलास का?"

त्यांनी पांढरा उचलला, त्याच्या जागी अकरा नंबरचा ठेवला, लाल पट्टा आडवा करून. क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकाला, टिपला, निळा चॉक नीट लावायला सांगितलं. "आता पट्ट्याच्या खालच्या कडंवर मार."

मारला. बॉल उचलून बघितला तर निळी खूण पट्ट्याच्या मधोमध! दोन महिने मी बॉलच्या पोटात मारत होतो आणि शिव्या टेबलाच्या कापडाला देत होतो.

खोट मुठीत निघाली. ऐन वेळी ती आवळायची आणि टिप वर उचलली जायची. मग मूठ सैल केली, पुढचा हात टेबलावर चपटा टेकवला, क्यू जमेल तेवढा आडवा धरला. शिवाय मी मारलं की लगेच क्यू मागे खेचायचो, विहिरीतून पोहरा ओढावा तसा. ते साफ चूक. टिप बॉलच्या जागेतून पुढे वीतभर जाऊ द्यायची. फार खालीही जायचं नाही. सव्वादोन इंची बॉलवर मध्यापासून १४ मिलिमीटरच्या आसपास हद्द संपते, पुढे टिप सटकते. पट्ट्याची कड साधारण तिथेच येते. मामांना मिलिमीटर माहीत नसावेत, कड माहीत आहे.

अंतराचं मात्र अजून जमत नाही. उलटी फिरकी वाटेतच कापड खाऊन टाकतं; बॉल नुसता घसरतो, मग सरळ लोळायला लागतो. म्हणून दोन बॉलमध्ये वीतभरच जागा ठेवली होती. चारदा आला तो तेवढ्यावरच.

पाचव्यांदा हातभर अंतर घेतलं, मधल्या दोन पॉकेटांच्या बरोबर रेषेत. समोरचा बॉल पडला. पांढरा मागे आला, येतच राहिला, आणि माझ्या पोटापाशी असलेल्या पॉकेटात गेला. मामा चहा सांडेपर्यंत हसले.