धक्क्यांची वही

मोठा भूकंप होऊन गेला, पण जीव मेटाकुटीला आणला तो नंतरच्या धक्क्यांनी. पलंग जरा हलला की सगळे दाराकडे धावायचे. मोबाईलवर दोन निरोप फिरत होते: ‘आता संपलं’ आणि ‘आज रात्री याहून मोठा येणार’. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे दुसरा निरोप मी सोडून दिला. पहिल्यालाही काही आधार नव्हता. मग भूकंपमापन केंद्राची यादी उघडून मी रोजचे धक्के वहीत उतरवू लागले.

यादी वाचायलाही शिकावं लागतं. वेळ बहुतेकदा जागतिक वेळेनुसार असते. खोलीच्या रकान्यात पुन्हा पुन्हा १० किमी दिसतं, कारण नेमकी खोली काढता आली नाही की बऱ्याचदा तिथे ठरावीक आकडाच घालतात. सकाळी ५.१ मॅग्निट्यूडचा (म्हणजे भूकंप किती मोठा ते सांगणारा आकडा) लिहिलेला धक्का दुपारी ४.८ चा होतो, कारण तोवर आणखी केंद्रांच्या नोंदी हाती आलेल्या असतात. पहिल्या काही तासांत तर धक्के एकमेकांवर इतके आदळतात की लहान धक्के नोंदीतून सुटतातच.

वहीतली संख्या झपाट्याने उतरत गेली. हे जपानचे भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ सालीच दाखवलं होतं: पहिल्या दिवशी शंभर धक्के असतील, तर दहाव्या दिवशी साधारण दहा. मला याने फार धीर आला. पण कमी होते ती संख्या. येणारा प्रत्येक धक्का आधीच्यापेक्षा लहानच असेल, असं नाही. सर्वांत मोठा पश्चात्धक्का, म्हणजे नंतरचा धक्का, मुख्य भूकंपापेक्षा सरासरी १.२ ने कमी असतो, पण ती सरासरी आहे. नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला आणि १२ मे रोजी ७.३ चा धक्का बसला. जपानमधल्या कुमामोतोला २०१६ मध्ये ६.२ नंतर दोनच दिवसांत ७.० चा आला, म्हणजे ज्याला मुख्य समजले होते तो पूर्वधक्का ठरला. असं क्वचितच होतं, पण होतं.

म्हणून वही शांत दिसायला लागल्यावरही आम्ही तडे गेलेल्या खोलीत झोपलो नाही. प्रत्येक तड्याच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घातली होती. एका जोरदार धक्क्यानंतर जिन्याजवळचा तडा रेघेच्या बोटभर पुढे गेलेला दिसला. अभियंत्याला बोलावलं, तेव्हा त्यांनी आधी त्या तारखाच पाहिल्या आणि जिना बंद करायला सांगितला.

आता मी यादी आठवड्यातून एकदाच बघते. असे धक्के वर्षानुवर्षं अधूनमधून येऊ शकतात, म्हणून कपाटं भिंतीला पक्की करून घेतली आहेत, आणि चपला व टॉर्च उशाशीच असतात.