कॅचरचे हात आणि कॅचरची बॅट

पाऊस ओसरून मैदान वाळले की आमच्या महाविद्यालयात बेसबॉलचा सराव सुरू होतो आणि दर वर्षी त्याच सुमारास एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो : होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे कॅचर म्हणून कोण बसणार? फोंडा तालुक्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी बरीच वर्षे काम करतो आहे. बाकीच्या जागांची निवड मला फारशी छळत नाही. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, चपळ मुलगा हवा, पहिल्या बेसवर उंच आणि झेल न सोडणारा हवा, आउटफील्डमध्ये धावणारा आणि लांब फेकणारा हवा, हे दोन-तीन दिवसांच्या सरावात कळून येते. कॅचरचे तसे नाही. गेल्या हंगामात या जागेसाठी दोन मुले होती आणि त्यांच्यातून निवड करताना माझी चूक झाली. ती नेमकी कोठे झाली हे कळायला मला अर्धा हंगाम लागला, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुलगा पेडण्याचा होता. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण करत तो वाढला होता. खांदा भक्कम, फेक जोरदार, आणि बॅट हातात घेतली की चेंडू आउटफील्डरच्या डोक्यावरून जाणार अशी सर्वांची खात्री. दुसरा डिचोलीचा, अंगाने बारीक. त्याची बॅट चेंडूला उशिरा पोहोचत असे आणि सरावात तो जितके चेंडू मारी त्याहून अधिक चुकवी. मात्र चेंडू त्याच्यासमोर जमिनीत आपटला तर तो क्षणाचाही विचार न करता दोन्ही गुडघे टेकून, हनुवटी छातीशी घेऊन त्याच्या वाटेत बसत असे. आमचे मैदान तांबड्या मातीचे आहे आणि त्या मातीत चिऱ्यांचा चुरा मिसळलेला आहे. तिथे आपटलेला चेंडू सरळ उसळेल याचा काही नेम नसतो. अशा मैदानावर चेंडूच्या समोर अंग टाकणे धैर्याचे काम आहे, हे मला तेव्हाही दिसत होते. तरीही मी पेडण्याच्या मुलाला निवडले.

त्यामागे क्रिकेटची सवय होती, हे आता मला स्पष्ट दिसते. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाने इयान हिलीच्या जागी ॲडम गिलख्रिस्टला कसोटी संघात आणले, त्याने पुढे कसोटीत १७ शतके काढली, आणि यष्टिरक्षकाने धावाही काढल्याच पाहिजेत ही अपेक्षा जगभर रुजली. माझी पिढी तो काळ पाहत मोठी झाली. गोव्यातल्या कोणत्याही मैदानावर नवा यष्टिरक्षक आला की त्याच्याविषयी पहिली विचारणा बॅटिंगची होते. मी तीच मोजपट्टी कॅचरला लावली, आणि ती लागू पडत नाही.

न लागू पडण्याचे पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होईपर्यंत खेळतो, त्यामुळे एक चांगला यष्टिरक्षक-फलंदाज एकट्याच्या बळावर सामना फिरवू शकतो. बेसबॉलमध्ये फलंदाजीचा क्रम फिरत राहतो आणि नऊ डावांच्या सामन्यात एका खेळाडूच्या वाट्याला चार, फार तर पाच संधी येतात. समजा, एका कॅचरची सरासरी ०.३०० आहे, म्हणजे दहा संधींत तीन हिट, बेस मिळवून देणारे फटके, आणि दुसऱ्याची ०.२००. बोलताना हा फरक डोंगराएवढा वाटतो. प्रत्येक सामन्यात चार संधी धरल्या तर पहिल्याला १.२ हिट मिळतील आणि दुसऱ्याला ०.८. म्हणजे अडीच सामन्यांत एका हिटचा फरक. पहिल्याच्या हिट लांब जातात, त्यावर दोन-तीन धावा येतात, हे मान्य केले तरी तो फरक अडीच सामन्यांत एकदाच पडतो. तोच कॅचर त्याच सामन्यात प्लेटच्या मागे सव्वाशे-दीडशे चेंडू घेतो. त्यांतले बहुतेक कोणीही घेईल असेच असतात, हेही खरे. पण जे दहा-पंधरा तसे नसतात त्यांच्यावर सामना उभा असतो.

दुसरे कारण नियमातच आहे. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू सुटला तर बाय जातात, म्हणजे धावा जातात. त्रिफळाचीत झालेला फलंदाज त्यामुळे परत येत नाही. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले, म्हणजे चेंडू हुकला किंवा मारण्याजोगा असून सोडला असे तीनदा झाले, की फलंदाज बाद होतो. पण तिसरा स्ट्राइक झाला आणि कॅचरने चेंडू धरला नाही, तर पहिला बेस मोकळा असताना किंवा दोन जण बाद झालेले असताना फलंदाज पहिल्या बेसकडे धावू शकतो. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, कमावलेला बळी कॅचरच्या हातून असा निसटतो. तिसऱ्या बेसवर धावपटू असेल आणि चेंडू मागच्या जाळीपर्यंत गेला, तर बॅटला चेंडूचा स्पर्शही न होता धाव निघते.

पेडण्याच्या मुलाच्या हातून असे चेंडू सुटत होते आणि त्याचे कारण त्याच्या चांगल्या सवयीत होते. यष्टिरक्षकाला चेंडू स्वच्छ धरायला शिकवलेले असते : हात सैल ठेवायचे आणि चेंडू ग्लोव्हजमध्ये आत घ्यायचा. जमिनीत आपटलेल्या चेंडूबाबत कॅचरचे काम वेगळे आहे. त्याने तो धरण्याच्या नादी लागू नये. ग्लोव्ह दोन गुडघ्यांमधल्या मोकळ्या जागेत टेकवावा, खांदे पुढे झुकवावेत, छातीतला श्वास सोडून अंग मऊ करावे आणि चेंडू अंगावर आदळून समोरच पडेल असे पाहावे. चेंडू समोर दोन हातांवर पडला की धावपटू जागचा हलत नाही. पेडण्याचा मुलगा प्रत्येक वेळी ग्लोव्ह खाली नेऊन चेंडू उचलायला जाई, पाचांतले तीन उचलीही, आणि त्याची ती चपळाई पाहून मुले टाळ्या वाजवीत. उरलेले दोन जाळीकडे जात.

आमचा मुख्य पिचर काणकोणचा आहे. त्याचा वेग साधारणच आहे, पण त्याचा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, प्लेटजवळ येऊन एकदम खाली पडतो आणि दोन स्ट्राइक झाल्यावर त्याने तो गुडघ्यांच्या खाली टाकला की समोरचा मुलगा हमखास हवेत बॅट फिरवतो. हंगामाच्या मध्यावर माझ्या ध्यानात आले की तिसऱ्या बेसवर धावपटू असला की तो कर्व्ह टाकतच नाही. तो सरळ चेंडू टाकत होता, कमरेच्या उंचीवर, आणि मार खात होता. एका डावानंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारले. त्याने खाली मान घालून उलट मलाच विचारले, "सर, सकयल उडयतां, पूण तो धरतलो मू?" तो खाली टाकायला तयार होता, पण पलीकडे धरला जाईल याचा त्याला भरवसा नव्हता.

त्या एका प्रश्नाने माझा सगळा हिशेब उलटा झाला. तोवर मी कॅचरच्या बचावाची किंमत स्कोअरबुकात शोधत होतो. त्यात पासबॉल (कॅचरच्या चुकीने सुटलेले चेंडू) किती, वाइल्ड पिच (पिचरच्या भरकटलेल्या फेकीमुळे सुटलेले) किती, बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असताना धावपटूने पळून गाठले) किती, हे सगळे मी इमानेइतबारे नोंदवत होतो, आणि ते आकडे पाहता पेडण्याच्या मुलाची फलंदाजी त्याच्या चुका भरून काढते आहे असेच दिसत होते. जे कर्व्ह टाकलेच गेले नाहीत त्यांच्यासाठी स्कोअरबुकात रकाना नसतो. त्यांच्याऐवजी टाकलेल्या सरळ चेंडूंवर ज्या धावा निघाल्या त्या पिचरच्या नावावर चढल्या होत्या, आणि मी आठवडाभर त्या पिचरलाच सुधारायचा प्रयत्न करत होतो. कॅचर कच्चा असला की पिचर आपणहून आपला उत्तम चेंडू खिशात ठेवतो, आणि ते त्याच्या नकळतही घडते.

फेकीविषयीही मला माझे मत बदलावे लागले. निवडीच्या दिवशी सर्वांच्या नजरा फेकीवर असतात, कारण ती दिसते आणि घड्याळात मोजता येते. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हाती पोहोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. होम प्लेटपासून दुसरा बेस ३८.८ मीटर आहे आणि अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये हा वेळ सरासरी २ सेकंदांच्या आसपास असतो. पण बेस चोरणारा धावपटू त्याच्या आधीच निघालेला असतो, पिचरने हालचाल सुरू केली त्या क्षणी. चांगला पिचर तिथून चेंडू प्लेटपर्यंत सुमारे १.३ सेकंदांत पोहोचवतो. दोन्ही मिळून ३.३ सेकंद होतात आणि वेगवान धावपटूला पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर जायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. आमच्या मुलांचे आकडे याहून सैल आहेत, तत्त्व तेच आहे. कॅचरच्या पॉप टाइममधून दशांश सेकंद काढायला महिने लागतात. पिचरला पाय कमी उंच उचलून चेंडू लवकर सोडायला शिकवले तर तेवढा वेळ दोन आठवड्यांत वाचतो. म्हणून चोरलेल्या बेसचा सगळा दोष कॅचरच्या माथी मारणे मी आता बंद केले आहे, आणि जोरदार फेक पाहून पूर्वीसारखा हरखूनही जात नाही. फेकीचा जोर पाहण्याआधी मी त्याचे पाय किती लवकर वळतात ते पाहतो.

फ्रेमिंगची, म्हणजे स्ट्राइक झोनच्या (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात तिच्या) काठावरचा चेंडू स्थिर हाताने घेऊन पंचांना तो स्ट्राइक वाटावा अशा कौशल्याची, मेजर लीगमध्ये गेल्या दीड दशकात फार चर्चा झाली. आमच्या पातळीवर तिला मी कमी वजन देतो, कारण आमचे पिचर काठावर नेमका चेंडू टाकतील तेव्हा त्याचा विचार करता येईल. कोणता चेंडू टाकायचा हे ठरवण्याची बुद्धीही अनेकदा कॅचरच्या गुणांत धरतात. अमेरिकन महाविद्यालयांत मात्र बहुतेक ठिकाणी ते प्रशिक्षकच डगआउटमधून सांगतात आणि आमच्याकडेही मीच खुणा करतो. त्यामुळे निवडीच्या वेळी या दोन गोष्टींसाठी मी थांबत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मग बॅटिंगला अर्थच नाही का? तसे मी म्हणत नाही. पुढे मेजर लीगमध्ये गाजलेला कॅचर बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शॉर्टस्टॉप म्हणून आला, २००७ मध्ये त्याला कॅचर केले गेले, आणि २००८ मध्ये त्याने ०.४६३ च्या सरासरीने फलंदाजी करून सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळवला. वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन कॅचरचा पुरस्कार आता त्याच्याच नावाने दिला जातो. मेजर लीगचा कॅचर माइक पियाझा याच्या फेकीवर त्याच्या कारकिर्दीत सतत टीका झाली, तरी त्याच्या ४२७ होमरनपैकी ३९६ कॅचर म्हणून खेळताना आले आणि २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. असा फलंदाज हाती आला तर कोणताही प्रशिक्षक त्याला प्लेटमागे बसवील. पण पियाझासमोर जे पिचर उभे होते ते व्यावसायिक होते. भरवसा असो वा नसो, आपला चेंडू टाकण्याइतकी पक्वता त्यांच्यात होती. माझ्यासमोर एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, ज्याने दोन वर्षांपूर्वी बेसबॉलचा चेंडू पहिल्यांदा हातात घेतला.

म्हणून कॅचरची तुलना दुसऱ्या कॅचरशी करण्याआधी मी आता माझ्या पिचरांकडे पाहतो. पिचरांची सगळी भिस्त सरळ चेंडूवर असेल, तर आपटलेला चेंडू अंगाने अडवण्याचे प्रसंग कमी येतात आणि बॅट चांगली असलेल्या मुलाला घेणे शहाणपणाचे ठरते. खाली पडणारा चेंडू हेच पिचरचे मुख्य अस्त्र असेल, तर तो चेंडू अडवणारा मुलगा आधी बसतो, मग त्याची सरासरी काहीही असो. एक गैरसमज मात्र इथे दूर केला पाहिजे, कारण पालकांपासून सहकाऱ्यांपर्यंत अनेकांनी मला तो उपाय सुचवला आहे : कच्च्या फलंदाजीच्या कॅचरऐवजी दुसऱ्या कोणाला मारायला पाठवता येत नाही. डेसिग्नेटेड हिटर, म्हणजे फक्त फलंदाजीसाठी ठेवलेला खेळाडू, पिचरच्या जागी येतो. कॅचरला स्वतःच बॅट घेऊन उभे राहावे लागते आणि त्याचे अपयश सर्वांना दिसते. डिचोलीच्या मुलाला मी नवव्या क्रमांकावर ठेवले, बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवणे) शिकवला, स्ट्राइक झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट बेस मिळवण्याचा संयम शिकवला. त्याहून अधिक आम्हाला जमले नाही.

पेडण्याच्या मुलाला जागा बदलल्याचे वाईट वाटले. त्याला मी आधी निवडले होते, म्हणून ते सांगण्याची जबाबदारीही माझीच होती. मी त्याला काणकोणच्या मुलाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने डिचोलीच्या मुलासारखे गुडघे टेकायचे कसे, ते शिकवण्याची विनंती केली. तेव्हापासून तो डेसिग्नेटेड हिटर म्हणून चौथ्या क्रमांकावर खेळतो आणि सरावानंतर पंधरा मिनिटे, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, केवळ छातीने चेंडू अडवण्याचा सराव करतो. त्यासाठी मी टेनिसचे चेंडू वापरतो, कारण भीती गेल्याशिवाय अंग मऊ होत नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकाच दिवशी दोन सामने येतात आणि आपल्या दमट हवेत मास्क व चेस्ट प्रोटेक्टर चढवून दोन्ही सामन्यांत उठाबशा काढणे एका मुलाच्या ताकदीबाहेरचे आहे. दुसऱ्या सामन्यात आमचा सांग्याचा पिचर असतो, जो सरळ चेंडूशिवाय फारसे काही टाकत नाही, आणि त्याच्यासमोर आता पेडण्याचा मुलगा बसतो. साहित्याचा संच आमच्याकडे एकच आहे. पहिला सामना संपला की डिचोलीचा मुलगा घामाने भिजलेले लेगगार्ड काढतो, पाण्याची बाटली बाजूला ठेवतो आणि खाली बसून त्याचे पट्टे स्वतःच्या हाताने पेडण्याच्या मुलाच्या पायांना बांधून देतो.