चहा-रम, बाटली नंबर सहा: शेवटी दुधानेच वाचवलं

तर लोकहो, सहावी बाटली गाळून फ्रिजमध्ये गेली आणि पहिल्यांदाच मोरीत ओतून द्यावीशी वाटली नाही, म्हणून लिहायला बसलोय. वेंगुर्ल्यात पावसाने असा काय जोर धरलाय की तीन दिवस कपडे वाळलेले नाहीत, लाइट येऊन जाऊन आहे, म्हणजे घरात बसून असले उद्योग करायला बरोब्बर हवा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मला चहात रम नकोय, रममध्ये चहा हवाय, थंडगार, ग्लास नाकाशी नेला की आधी चहाचा वास आला पाहिजे. रम आपली नेहमीचीच, ओल्ड मंक, 1954 पासून चालत आलेली, 42.8 टक्क्यांची. हा आकडा लक्षात ठेवा कारण सगळी गोची तिथेच झाली.

पहिल्या वेळी घरातली रोजची चहा पावडर दोन चमचे घेतली, एका क्वार्टरमध्ये घातली आणि रात्रभर ठेवून दिली. सकाळी रंग बघून खूश झालो आणि घोट घेतल्यावर मात्र कच्चं बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खाल्ल्यासारखा घसा धरला तो दुपारपर्यंत. आपण घरी वापरतो ती पावडर सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेले बारीक दाणे, उकळत्या पाण्यात दोन मिनिटांत कडक रंग सुटावा म्हणूनच केलेले. ते एवढ्या कडक दारूत रात्रभर पडले तर तुरटपणा सगळाच्या सगळा बाहेर येणार, त्यात पावडरची काय चूक. दुसऱ्यांदा 15 मिनिटांतच गाळलं, तुरट कमी झालं पण वासही पातळच. मग मुंबईहून मावसभावाकडून लांब पानाचा चहा मागवला. दार्जिलिंग रमच्या त्या व्हॅनिला-कॅरॅमलसारख्या वासापुढे पार गायब झाला, आसामचा पानाचा चहा मात्र टिकला. दोन चमचे पान, 180 मिली रम, एक तास, मध्ये एकदा बरणी हलवायची, बस. तासाच्या वर नको, मी दीड तास करून बघितलंय.

वास जमला तरी लिंबू पिळलं की शेवटी जीभ कोरडी पडायचीच. म्हटलं लिंबाऐवजी आपलं कोकम घालू. घातलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस. आता आगळात मीठ असतं हे कोकणात जन्मून मला कळू नये याला काय म्हणायचं, बाटली नंबर चार थेट गटारात. (आमसुलं भिजवून घेतली असती तर चाललं असतं, ते पुढे बघू.)

मग एका संध्याकाळी आई चहा करत होती. तिचा चहा इतका कडक असतो की कोरा प्यायला तर गाल आत ओढले जातात, आणि त्यातच दूध पडलं की तो गपगुमान खाली उतरतो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तुरटपणाला धरून ठेवतं, रोज डोळ्यासमोर चाललेलं असतं हे. शोधलं तर ही युक्ती फार जुनी निघाली, मिल्क पंच म्हणतात, अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने 1763 मध्ये एका मित्राला पत्रातून कृती पाठवली होती, त्यात ब्रँडी आणि चक्क 44 लिंबांच्या साली. आणि पंच हा शब्द आपल्या पाचावरून गेला असं बरेच जण मानतात, दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा, म्हणजे फिरून घरीच आलो की.

पण मी पडलो हुशार. कोकणात गाईचं दूध कशाला, नारळाचं घालू म्हटलं! पाचवी बाटली. त्यात केसीन नसतंच, त्यामुळे तुरटपणा तिथल्या तिथे आणि वर तेलकट साय तरंगतेय, सोलकढीला चढली असावी असं काहीतरी झालं.

सहावीचं माप लिहून घ्या. चहा मुरवलेली रम 180 मिली, लिंबाचा रस 45, गुळाचा पाक 60 (गूळ आणि पाणी समसमान, गार करून), साधं पाणी 75, आणि किसलेलं जायफळ चिमूटभर, आमच्या वाडीतलंच. हे सगळं एकत्र करायचं. दुसऱ्या भांड्यात 90 मिली फुल क्रीम दूध. आता दारू दुधात ओतायची, दूध दारूत नाही, हळूहळू, धार बारीक. उलट केलंत तर दूध एकदम फाटून मोठे गोळे होतात आणि गाळताना सगळं गढूळ येतं.

नेमकी त्याच वेळी आई आत आली. भांड्यात डोकावून म्हणाली, "मेल्या, बऱ्या दुधाचो सत्यानास केलंस!" काय सांगणार, बघायला खरंच तसंच दिसत होतं, पिवळट पाण्यात तरंगणारा चोथा.

तासभर तसंच ठेवलं, मग गाळणीवर मलमलचं फडकं दुहेरी घालून ओतलं. पहिलं पाणी गढूळ येतं, ते परत त्याच चोथ्यावर ओतायचं, फडकं पिळायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. चोथाच गाळणीचं काम करतो. थेंब थेंब, रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवून. मध्ये दोनदा लाइट गेली, फ्रिजचं दार मी उघडलंच नाही. सकाळी बरणीत फिक्या मधाच्या रंगाचं काहीतरी, आरपार दिसणारं, काळ्या रमपासून हे झालंय यावर विश्वास बसेना. चव घेतली, चहा आहे, गूळ आहे, जायफळ मागून येतं, आणि घसा अजिबात धरत नाही. हिशेब केला तर साधारण 17 टक्क्यांचं पडतं, पण इतकं मऊ लागतं की तिसऱ्या ग्लासानंतर कळतं, तेव्हा सांभाळून. दूध न पचणाऱ्यांना देऊ नका, दिसत नसलं तरी दुधातली साखर त्यात असतेच. आणि बर्फ घरचाच घ्या, बंदरावरचा मासळीसाठी असतो.

परवाना आणि 25 वर्षं वय वगैरे मी सांगायला नको. आणि गोव्याहून स्वस्त बाटली आणू का म्हणून मेसेज करणाऱ्यांनी करू नका.

चोथा उरला होता वाटीभर, रम आणि गूळ प्यायलेलं पनीरच म्हणा ना. टाकवेना. त्यात ओलं खोबरं आणि थोडा अजून गूळ घालून परतलं, भाजलेल्या काजूंचा चुरा वरून. आईने वास घेतला, वाटी लांब सरकवली, आणि अर्ध्या तासाने येऊन विचारलं की उरलंय का जरा.