'शेलफिश'ला मराठीत काय म्हणाल?

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाणावळीत पाहुणा 'शेलफिश चालत नाही' म्हणाला, तर भाषांतरात त्याचं 'शिंपले' करू नका. शिंपल्यांत तिसऱ्या, कालवं येतात. कोळंबी, कुर्ल्या (खेकडे), शेवंड (लॉब्स्टर) सुटतात, आणि अ‍ॅलर्जी बऱ्याचदा त्यांचीच असते. 'कवचधारी मासे' तर बाजारात कुणी बोलतच नाही! एकेक नाव घेऊन विचारा. वांग्याच्या भाजीत सोडे (सुकवलेली कोळंबी), चटणीत जवळा (बारीक सुकी कोळंबी) पडलाय का तेही बघा. सुकवून, शिजवून अ‍ॅलर्जी जात नाही.

समुद्राचाच दुसरा फसवा शब्द: 'स्प्रिंग टाइड'मध्ये वसंत शोधू नका. ते आपलं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण. अष्टमीकडची 'नीप टाइड', म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो ती, म्हणजे भांग. नुसत्या 'टाइड'ला मात्र बोलीत एक शब्द नाही. भरती की ओहोटी, ते वाक्य बघूनच ठरवायचं.