आणे-पै ते शिलिंग-पेन्स

विलायतेतील जुन्या दिवसांविषयी शताब्दी स्मरणिकेत लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले. त्या दिवसांचा आणि आपल्या शाळेचा संबंध माझ्या लेखी पाढ्यांमुळे जुळतो.

१९६६ साली मी लंडनला गेलो, तेव्हा तेथे बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड चालत असे. बरोबरीचे कित्येक परदेशी विद्यार्थी या हिशेबाने हैराण होत. परंतु बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया गिरवलेल्या आमच्या पिढीला तो परका वाटला नाही. पावणेदोन शिलिंगांच्या तीन वस्तूंचे सव्वापाच शिलिंग झाले, हे दुकानदाराची पेन्सिल कागदाला लागण्यापूर्वीच तोंडून निघे. त्याचे श्रेय गुरुजींच्या पावकी-निमकीला, म्हणजे पाव, अर्धा अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांना, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या छडीलाही, द्यायला हवे.

भाड्याच्या खोलीत गॅसचा मीटर असे. फटीत शिलिंग सरकवून खटका फिरवला की शेगडी पेटवता येई आणि नाण्यापुरता गॅस संपला की भात अर्धाकच्चा असला तरी ज्योत बसत जाऊन विझे. त्यामुळे सुट्ट्या शिलिंगांना भलताच भाव होता. अधूनमधून गॅसखात्याचा माणूस येऊन मीटरची पेटी टेबलावर रिकामी करी, वीस-वीस नाण्यांच्या चळती रची आणि हिशेबापेक्षा जास्त निघालेली रक्कम घरमालकिणीच्या हाती ठेवी. आम्हा भाडेकरूंपर्यंत ती कधी पोहोचली नाही!

दुधाचा हिशेब आठवड्याचा असे. पहाटे दारात ठेवलेल्या बाटलीचे चंदेरी झाकण चिमुकल्या टिट पक्ष्यांनी टोचून वरची साय खाल्लेली असली, तरी पैसे पुरेच द्यावे लागत.

१५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने शंभर पेन्सचा पौंड स्वीकारला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हाचा गोंधळ मी विद्यार्थिदशेत पाहिला होता. त्यामुळे शेजारच्या इंग्रज आजीबाईंना त्यांच्याच देशाचे नाणे समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले. या घोळात दुकानदार हात धुऊन घेणार, अशी त्यांची खात्री होती आणि मलाही ती अगदीच निराधार वाटत नव्हती. सहा पेन्सचे जुने नाणे मात्र १९८० पर्यंत चालू राहिले. नव्या हिशेबात ते अडीच पेन्सचे भरे, त्यामुळे पावकी-निमकी मागे पडल्यावरही अडीचकी काही वर्षे उपयोगी पडत राहिली.