अक्रोकोरिंथ: चढायचं सोडा, उतरायचं बघा

अथेन्सवरून ट्रेनने तास-सव्वातास, स्टेशनला उतरलात की प्राचीन कोरिंथ आलंच, असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. काही आलं नाही. ट्रेन सोडते नव्या कोरिंथला. १८५८च्या भूकंपात जुनं गाव पडलं आणि नवं समुद्राकाठी वसवलं, हे मला स्टेशनबाहेर उन्हात उभं राहिल्यावर कळलं.

मग टॅक्सी, थेट प्राचीन कोरिंथच्या डोक्यावरच्या अक्रोकोरिंथ किल्ल्यापर्यंत. माणूस गोड बोलला, वर थांबतो म्हणाला, थांबलाही, आणि परत आल्यावर वेटिंगचे वेगळे २५ युरो मागितले. आधी ठरवून घ्या, शक्यतो लिहून घ्या.

किल्ला ५७५ मीटर उंचीवर, आपल्या गडांसारखे एकामागोमाग तीन दरवाजे. दम लागेल, ठीक आहे, पण खरी गंमत दरवाज्यांमधल्या फरसबंदीची. माणसांच्या पायांनी दगड घासून घासून काचेसारखे झालेत. चढताना कळत नाही. उतरताना माझा पाय दोनदा सटकला, दुसऱ्यांदा थेट बसकण, बाटली टणटणत खालच्या दरवाज्यापर्यंत. मागून एक आजीबाई चक्क बसून घसरत येत होत्या, मग मीही लाज सोडून तेच केलं. गुळगुळीत तळव्याचे शूज घालून जाऊ नका, आणि सकाळी जा, वर सावली नाही.

माथ्यावर प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीच्या देवळाचे चार दगड उरलेत. पण तिथून एका बाजूला कोरिंथचं आखात, दुसऱ्या बाजूला सारोनिक आखात, मध्ये जमिनीची जेमतेम सहा किमीची पट्टी. दोन्ही समुद्रांवर बंदर, लेखायॉन आणि केंख्रिआय, आणि मधून जहाजं ओढून न्यायला डिओल्कोस नावाचा दगडी रस्ता! हे शहर एवढं गब्बर का होतं ते माकडहाड ठणकत असतानाही एका नजरेत कळतं.

खालच्या प्राचीन शहराचे अवशेष दोन तासांत होतात. अपोलोच्या देवळाचे ३८ पैकी ७ खांब उभे आहेत, एकेक अखंड दगडाचा. बाकी बरंचसं रोमन, कारण इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने शहर उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने पुन्हा वसवलं. ग्रीक बघायला गेलो, रोमन बघून आलो. ती जमिनीची पट्टी कापून काढलेला कालवा (१८९३) पुलावरून पाच मिनिटं बघा, बस्स.

परतताना गावातून नव्या शहरात जाणारी बस मिळाली. तिकीट त्या वेटिंगच्या दहाव्या भागाइतकंही नव्हतं.